जुनी दारं-खिडक्या: दुरुस्त करायची की उपटून नवीन बसवायची?

रानवारा

नमस्कार मंडळी. आमचं गावचं घर रत्नागिरी तालुक्यात. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, वर मंगलोरी कौलं आणि दारं-खिडक्या सगळी लाकडी. पुढचं दार फणसाचं, वर गणेशपट्टी आहे. खिडक्या सागाच्या, उभ्या गजांच्या, दोन-दोन पल्ल्यांच्या. आई-बाबा आता कायमचे तिकडे राहायला जाणार म्हणून डागडुजी काढली आहे. छप्पर झालं, वायरिंग झालं. घोडं अडलंय ते दारं-खिडक्यांवर.

तक्रारी अशा: माजघराचं दार जूनच्या मध्यापासून चौकटीत बसतच नाही, गणपती येईपर्यंत ते अर्धं उघडंच असतं. पडवीच्या दाराच्या चौकटीचा एक पाय तळाशी भुसभुशीत झालाय. नैर्ऋत्येकडच्या खोलीत खिडकीखालचा गिलावा दर पावसाळ्यात ओला होऊन सुटतो.

ठेकेदार म्हणतो, "लाकूड आता विसरा. सगळं काढून अॅल्युमिनियम नाहीतर यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) बसवू, एकदाच काय तो खर्च." बाबा अर्धे तयार आहेत. आई म्हणते, पुढच्या दाराला हात लावायचा नाही. मी कोणाच्या बाजूने बोलू? लाकूड खरंच संपलंय की अजून दम आहे, हे ओळखायचं कसं? ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काम मेअखेर उरकायचं आहे.

किंजळ

रानवारा, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सुतारकाम चालत आलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

लाकूड गेलंय की नाही हे रंगाकडे बघून ठरवू नका, ठेकेदारालाही ठरवू देऊ नका. एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चौकटीच्या तळापासून वर चार-चार बोटांवर टोचत जा. टोक सहज आत शिरलं तर तिथलं लाकूड गेलं. टोक अडलं, नुसती खूण उमटली, तर तिथून वर ते ठणठणीत आहे. मग बोटाच्या पेराने ठोकून ऐका. पोकळ भद्द आवाज आला तर आतून वाळवीने खाल्लंय. सगळ्या चौकटींना खडूने खुणा करा आणि मग बोला. माझ्या पाहण्यात जुन्या चौकटी बहुधा खालच्या वीतभरातच जातात. लाकडाच्या उभ्या नळ्या तळाच्या छेदाला उघड्या असतात. कोबा किंवा फरशी करताना गवंडी तोच छेद जमिनीत गाडतो, मग फरशी धुतलेलं पाणी त्या नळ्यांतून वर चढतं. अख्ख्या चौकटीचा यात काही दोष नाही.

पडवीच्या दाराला पाय जोडून घ्या. कुजकं जिथे संपतं त्याच्या वर आणखी चार बोटं चांगल्या लाकडात शिरून काप घ्यायचा. काप आडवा सरळ नको, तिरका हवा, आणि त्याचा उतार बाहेरच्या अंगाला. म्हणजे सांध्यावर आलेलं पाणी आत न मुरता बाहेर ओघळतं. त्याच जातीचा, चांगला वाळलेला तुकडा त्याच कोनात कापून इपॉक्सीने चिकटवायचा आणि वरून लाकडी खुंट्या ठोकायच्या. आमचे वडील सांध्याच्या दोन्ही तोंडांना आधी तेल पाजायचे. इपॉक्सी वापरणार असाल तर ते करू नका, तेलावर पकड बसत नाही. नव्या पायाचा तळ मात्र दोन-तीन हात रंग पिऊन तृप्त झाला पाहिजे, आणि तो फरशीत गाडायचा नाही. खाली ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा आणि पाय त्यावर उभा करा.

चौकट मुळापासून काढण्याचं एवढ्या सहज बोलू नये. चिऱ्याच्या भिंतीत चौकटीचे कान, म्हणजे बाहेर आलेली टोकं, आत गेलेले असतात आणि वर तुळवट, म्हणजे वजन पेलणारं आडवं लाकूड, असतं. चौकट ओढून काढताना वरचे चिरे हलले की दाराचं काम भिंतीचं होऊन बसतं.

माजघराच्या दाराबद्दल: फुगलेल्या दाराला भर पावसात रंधा मारू नका. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. जुलैत तासून नीट बसवलेलं दार एप्रिलमध्ये बोटभर फट दाखवतं. दार घासतं तिथे कडा गुळगुळीत, चकचकीत झालेली असते. आत्ताच, कोरड्या दिवसांत, ती शोधा. घासणी कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात असेल तर रंध्याला हातही लावू नका. ती वरची बिजागरी सैल झाल्याची खूण आहे, दार लोंबतंय. जुन्या स्क्रूची भोकं सागाच्या खुंट्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकून भरा, वाळू द्या, मग लांब स्क्रूने बिजागरी पुन्हा आवळा. दार जड असेल तर मध्ये तिसरी बिजागरी द्या.

घासणी पूर्ण उंचीभर असेल तरच तासा, आणि तासलेली कड त्याच दिवशी रंगवा. एक गोष्ट फार कमी लोक करतात. दार बिजागरीवरून उतरवून त्याच्या माथ्याला आणि तळाला रंग लावा. चारी बाजू रंगवलेल्या आणि वरखाली कोरं लाकूड, असं दार पावसाळाभर पाणी पीत राहतं.

पारिजात

किंजळ यांनी रंगाचं म्हटलं म्हणून काळजीपोटी लिहिते. जुन्या घरातले ऑइल पेंट घासताना कोरडा पॉलिशपेपर अजिबात वापरू नका. त्या रंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. ओला पॉलिशपेपर घ्या, नाक-तोंड झाका, खाली प्लास्टिक अंथरा आणि खरवड झाडून अंगणात टाकू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ते काम चालू असताना त्यांना दुसरीकडे पाठवा. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो.

ठाणेकर_अ

धाग्यात घुसतोय, माफ करा. आमचा ठाण्यात बाराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, पश्चिमेकडे तोंड. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. जोराचा पाऊस आला की खालचा ट्रॅक तुडुंब भरतो आणि पाणी आत सांडतं. दोनदा बाहेरून सिलिकॉन मारून घेतलं, काही फरक नाही. सोसायटी म्हणते खिडकी तुमची, खिडकीवाला म्हणतो भिंत सोसायटीची. खिडक्या बदलाव्या का?

काचकाम

ठाणेकर, थांबा, बदलू नका अजून. मी हाच धंदा करतो, तरीही सांगतो.

सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच, तिची रचनाच तशी आहे. आलेलं पाणी बाहेर जायला खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या ओठाला बारीक भोकं किंवा चिरा असतात. आधी ती शोधा. अर्ध्या खिडक्यांना ती पाडलेलीच नसतात, उरलेल्यांत सिमेंट, धूळ, कबुतराची पिसं भरलेली असतात. आणि तुमच्याकडे बाहेरून दोनदा सिलिकॉन मारलंय, म्हणजे ती त्यातच बुजली असण्याची दाट शक्यता आहे. सिलिकॉन कापून भोकं मोकळी करा, मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. मिनिटाभरात बाहेर गेलं पाहिजे.

आता वाऱ्याचं. ताशी ४५ ते ५० किलोमीटरचा वारा खिडकीवर जो दाब देतो तो साधारण १ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका असतो. बाहेरचा वारा ट्रॅकमधलं पाणी तेवढं वर धरून ठेवतो, बाहेर पडू देत नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे ४ सेंटिमीटर. स्वस्त सेक्शनच्या (अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या) ट्रॅकचा आतला ओठ जेमतेम २ सेंटिमीटर असतो, पाणी त्यावरून उडी मारणारच. बाराव्या मजल्यावर पश्चिमेला हा प्रकार दर पावसाळ्यात होतो. म्हणून भोकं मोकळी करूनही जोराच्या सरीला पाणी येत असेल, तर आतला ओठ उंच असलेला डोमल (जाड, भारी) सेक्शन घ्या. त्याहून चांगली म्हणजे बिजागरीवर उघडणारी खिडकी. ती बंद केली की रबरावर घट्ट दाबून बसते, सरकत्या खिडकीत मात्र दोन पल्ल्यांमध्ये फक्त ब्रशची लव असते. ती लव चपटी झाली असेल तर आधी ती बदला, मीटरवर मिळते, खर्च किरकोळ.

भिंतीचा प्रश्न आहे की खिडकीचा, हे पाइपने पाणी मारून कळतं. पावसाळ्याआधी, कोरड्या दिवशी, एकाने बाहेरून पाणी मारायचं आणि एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. बाराव्या मजल्यावर पाणी मारणारा माणूस सेफ्टी बेल्टवरचाच हवा, खिडकीतून वाकून हे करू नका. सुरुवात सगळ्यात खालून. आधी फक्त खिडकीखालची भिंत पाच-सात मिनिटं, मग सिलची (खिडकीच्या तळाच्या दगडी पट्टीची) फट, मग ट्रॅक, मग उभ्या बाजू, शेवटी वरचा छज्जा. एकदम वरून मारलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. ज्या टप्प्याला आत ओल दिसली तिथे दोष.

सिलिकॉन लावायचंच तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंट, संगमरवर आणि धातूजवळ लावू नये. ते दगडावर डाग पाडतं आणि अॅल्युमिनियम खातं. जुनं पूर्ण खरवडल्याशिवाय नवं चिकटत नाही. आणि खिडकी बदलायची वेळ आलीच तर सोसायटीचं लेखी पत्र आधी घ्या, इमारतीचा दर्शनी भाग बदलतोय असं म्हणून काम मध्येच थांबतं.

ठाणेकर_अ

काचकाम, बाहेरून पाहिलं. भोकं आहेत आणि तुम्ही म्हणालात तसंच सगळी पांढऱ्या सिलिकॉनने बुजलेली आहेत. दोन भोकं मोकळी केली आणि पाणी ओतलं, धार बाहेर पडली. पैसे घेऊन हे काम करून गेलेल्याचा राग आलाय खरा, पण त्याला फोन करण्यापेक्षा उरलेली भोकं आधी मोकळी करतो.

दिवेआगरकडची

रानवारा, मी रायगडमधून लिहितेय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. त्या दिवसानंतर मी खिडकीकडे फक्त पाऊस अडवणारी वस्तू म्हणून बघत नाही.

वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी फुटली किंवा उघडली की वारा आत कोंडतो आणि छपराला खालून उचलतो. वरून वारा छप्पर ओढत असतोच. दोन्ही मिळून पत्रे, कौलं, वासे सगळं जातं. आमच्या वाडीत ज्यांच्या खिडकीच्या खिट्या अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकत होत्या त्यांचे पल्ले आधी गेले आणि मग छप्पर. आमच्या शेजारच्या जुन्या घराच्या मागच्या दाराला भिंतीच्या पोकळीत सरकणारा लाकडी आडणा होता. तो लावलेला होता, दार जागचं हललं नाही.

तेव्हा नवीन काहीही बसवा, जुनं ठेवा, पण वरखाली दोन्हीकडे लांब खिट्या, स्क्रू लाकडात दीड इंच तरी गेलेले, आणि आडणा असेल तर तो काढू नका. त्याची भिंतीतली पोकळी गवंडी बुजवून टाकतात, आधीच बजावून ठेवा.

समुद्रकाठी लोखंडी बिजागऱ्या नकोत. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ नंबरच्या प्रतीचं मागा, ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात. पितळ्याच्या बिजागऱ्या महाग, पण पुढच्या दाराला त्याच शोभतात. आणि अॅल्युमिनियममध्ये साधे लोखंडी स्क्रू तर मुळीच नकोत. दोन धातू, मध्ये खारं पाणी, सगळं भराभर गंजतं.

सावनेर_फाटा

इकडे विदर्भात सगळं उलटं, म्हणून वाचताना मजा आली. पावसाळ्यात बनवलेलं दार मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेला की, आकसून पॅनेलच्या बाजूने उजेड दाखवतं. नवीन लोक ती फट पुट्टीने भरतात. पॅनेल दाराच्या खाचेत मुद्दाम मोकळं ठेवलेलं असतं, त्याला हलायला जागा हवी. पुट्टी भरली किंवा फेविकॉल लावला की पुढच्या पावसाळ्यात फुगताना पॅनेल चिरतं नाहीतर चौकोनाचा सांधा उघडतो. फट दिसत असेल तर पॅनेलच्या कडेला आधीच रंग मारून ठेवा, आकसलं तरी कोरी रेघ दिसत नाही.

लाकूड घेताना बल्लारशाचा साग म्हणून काहीही विकतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं लाकूड घट्ट, सोनेरी-तपकिरी, काळपट रेघांचं असतं. बर्मा सागाचे ओंडके म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून बाहेर पाठवणं बंद केलं, त्यामुळे "अस्सल बर्मा" ऐकलं की जरा बिल मागा. पांढुरका भाग, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड, चौकटीत असता कामा नये. किडा आणि वाळवी आधी तिथेच लागते.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. किंजळ, तुम्ही सांगितलं तसं टोचत गेलो. पडवीची चौकट फक्त एका पायाला, साधारण वीतभर गेलीय. बाकी सगळ्या चौकटी वाजवल्या, ठणठणीत. एका खिडकीच्या मागे मात्र मातीची बारीक नळी भिंतीवरून वर चढलेली दिसली.

नैर्ऋत्येची खिडकी पाइपने पाणी मारून तपासली. खालून सुरुवात केली, सिलपर्यंत काही नाही. खिडकीच्या खालच्या पट्टीवर पाणी आलं आणि आत ओल. बाहेरची दगडी सिल आतल्या बाजूला उतरती आहे. इतकी वर्षं पाणी घरात ओतत होती ती.

किंजळ

मग तुमचं निम्मं काम तर गवंड्याचं निघालं. सिल उचलून बाहेरच्या बाजूला उतार द्या, फुटाला चांगला अर्धा इंच. सिल भिंतीच्या बाहेर दोन-तीन बोटं आली पाहिजे आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या खालून, कडेपासून बोटभर आत, एक खाच हवी. पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे येतं, खाचेपाशी आलं की ते सुटून खाली पडतं. छज्ज्याच्या पोटालाही तशीच खाच. ही खाच नसली की लोक भिंतीला वॉटरप्रूफिंगचे थर चढवत बसतात. खिडकीच्या लाकडाला यात काही करायचं नाही, तळपट्टी वाळू द्या आणि रंगवा.

उंबरठा

मातीची नळी म्हणजे वाळवीच. ती आज पुसून टाकली तर परवा दुसरीकडून येते, तिचं घर जमिनीत आहे. भुसा पडत असेल आणि टाचणीएवढी भोकं असतील तर तो वेगळा किडा, त्याला औषध लाकडातच भरतात. पण वाळवीसाठी जमीन आणि भिंतीचा सांधा दोन्ही धरावे लागतात. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात तिरकी भोकं पाडून औषध सोडतात, आणि घराच्या बाहेरून पायाला लागून चर खणून माती भिजवतात. चालू घरांसाठी याची भारतीय मानकाची पद्धत आहे, आयएस ६३१३ चा भाग ३. कीडनियंत्रण करणाऱ्याला विचारा की तो त्याप्रमाणे करतो का, कोणतं औषध, किती पातळ. विहीर जवळ असेल तर ते आधी सांगा, चर विहिरीच्या बाजूला नको. नुसता फवारा मारून जाणाऱ्याला पैसे देऊ नका.

आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल खालच्या लाकडाला लावायचे, वाळवी त्याला शिवत नाही. ते उघड्या हाताने लावू नका, कातडी भाजते.

पेडण्याकडून

गोव्यातून एक वेगळी विनंती. आमच्या भागातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात, आम्ही त्यांना कार्पां म्हणतो. लाकडी पट्ट्यांच्या जाळीत चौकोनी शिंपले सरकवलेले असतात. वसईकडेही अशा खिडक्या पाहिल्यात. कोणाच्या घरात असतील तर मोडीत काढू नका. ऊन गाळून इतका मऊ उजेड काच देत नाही. हा शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नवा मागवता येत नाही. एखादी खिडकी पार मोडकळीस आली तर तिच्यातले धड शिंपले काढून जपून ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत भरा. पट्टी कुजली असेल तर फक्त पट्टी बदलते, पट्टीवरचे खिळे काढताना शिंपला सुटा करून ओल्या कपड्यात गुंडाळा.

रानवारा

पेडण्याकडून, आमच्याकडे कार्पां नाहीत, पण मामाच्या घरी आहेत, आजच फोन करतो.

आता निर्णय असा झालाय. पुढचं दार, माजघर, सगळ्या गजांच्या खिडक्या ठेवायच्या. पडवीच्या चौकटीला पाय जोडायचा. सिल फिरवायची. वाळवीवाला पुढच्या आठवड्यात येतोय, विहिरीचं त्याला सांगितलंय. फक्त न्हाणीचं दार नवीन. मागचं तळातून फुगून पदर सुटलेलं फ्लश (प्लायवूडचं सपाट) दार होतं. त्याची चौकटही नवीन हवी. ठेकेदाराने सागाची चौकट सांगितली, लाकूड २ घनफूट लागेल म्हणतो. बरोबर आहे का?

किंजळ

हिशोब स्वतः करा. ७ फूट उंच, ३ फूट रुंद दार. दोन उभे ७-७ फूट, वरचा आडवा कानांसकट साडेतीन, एकूण १७.५ फूट. जाडी ४ इंच बाय अडीच इंच. ४ गुणिले २.५ भागिले १४४ गुणिले १७.५. उत्तर सव्वा घनफुटाच्या आत. कापणीची घट धरली तरी दीडवर जाऊ नये. आणि न्हाणीला साग कशाला? तिथे ग्रॅनाइटची चौकट करा, आत एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) किंवा पीव्हीसीचं दार. फ्लश दारच हवं असेल तर त्यावर बीडब्ल्यूपीचा (उकळतं पाणीही सोसणाऱ्या प्रतीचा) छाप पाहून घ्या, साधं कमर्शियल न्हाणीत टिकत नाही.

बसवताना तुम्ही स्वतः उभे राहा. ओळंबा दोन्ही बाजूंनी लावायला सांगा, चौकटीच्या तोंडाला आणि कुशीला. दोन्ही कर्ण मोजा, फरक एका सुताच्या (इंचाचा आठवा भाग) आत हवा. पल्ला आणि चौकट यांत बाजूला एक सूत फट, खाली फरशीपासून दोन ते तीन सूत. चौकट आणि भिंत यांच्या फटीत फोम मारला तर बाहेरच्या अंगाला तो उघडा ठेवू नका, उन्हाने भुगा होतो आणि पाणी शोषतो, वरून गिलावा किंवा सीलंट हवंच.

रानवारा

हा हिशोब ठेकेदाराला दाखवला, तो दीड घनफुटावर आला, मग ग्रॅनाइटचं ऐकल्यावर त्यालाही तेच पटलं. पुढच्या दाराला आता फक्त तेल द्यायचंय. उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं ठीक का?

किंजळ

पहिला हात निम्मा-निम्मा, म्हणजे आत मुरेल. नंतरच्या हातांत टर्पेंटाइन कमी करत जा. प्रत्येक हात पातळ, अर्ध्या तासाने वर राहिलेलं पुसून काढा, नाहीतर चिकट थर बसतो आणि धूळ धरतो. गणेशपट्टीच्या कोरीव भागात जुना दात घासायचा ब्रश वापरा. आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचे बोळे वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. अंगणात दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक होऊ द्या, मगच फेका.